वासराची हगवण आणि घरचा खरवस



दिवाळीच्या आरंभीं वसुबारस येते. त्या सायंकाळीं शहरांतील पुष्कळ घरांतून सवत्स धेनूची पूजा होते. दाराशीं गाय आणणें शक्य नसेल तर पाटावर मातीची किंवा चांदीची गाय-वासराची जोडी मांडतात, आणि कित्येक घरीं त्या दिवशीं दूधदुभतें वर्ज्य करतात. त्या जोडींतील गायीकडे आपलें लक्ष असतें तें दुधामुळें. तिच्या पोटाशीं उभें असलेलें वासरूं मात्र जोडी पुरी करण्यासाठींच ठेवल्यासारखें असतें. आज मी त्या वासराविषयीं बोलणार आहें, आणि तेंही त्याच्या अशा एका दुखण्याविषयीं कीं ज्याचें नांव रात्रीच्या जेवणाच्या सुमारास ऐकणें आपणांस कदाचित् रुचणार नाहीं. परंतु हगवण या शब्दाला माझा इलाज नाहीं. अतिसार म्हटल्यानें शब्द सभ्य होतो; वासरूं मात्र पूर्वींच्याच वेगानें मरतें.

खानदेशांत, जळगांव जिल्ह्यांत, गिरणा नदीच्या कांठीं भडगांव हें तालुक्याचें गांव आहे. नदीच्या वरच्या अंगास जामद्याचा जुना बंधारा आणि त्याचे कालवे आहेत. त्याहूनही वर नांदगांव तालुक्यांत १९६९ सालीं पुरें झालेलें गिरणा धरण आहे. मुलूख कापसाचा. त्यामुळें सरकीची पेंड जनावरांच्या गव्हाणींत पडते, आणि शेतावरचा एखादा हंगाम हातचा गेला तरी दोन म्हशींच्या दुधावर घरखर्च भागविणारीं कुटुंबें येथें पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रज सरकारनें याच भडगांवास प्रायोगिक शेत चालविलें होतें, म्हणजे सुधारलेल्या शेतीची भाषा या गांवाच्या कानांवरून फार पूर्वींच गेलेली आहे. वासराच्या पोटाची गोष्ट मात्र तेव्हां कोणासच नीटशी माहीत नव्हती. ती गेल्या शंभर वर्षांत हळूहळू उलगडली.

माझ्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या आरंभींच्या वर्षांत, पावसाळा सरतांना, भडगांवांतील एका घरून मला बोलावणें आलें. म्हैस व्यालेली होती आणि पारडूं आजारी होतें. मी गेलों तेव्हां तें गोठ्याच्या कोपऱ्यांत ओल्या जमिनीवर मान टाकून पडलें होतें. शेपटी आणि मागचे पाय पिवळसर पांढऱ्या, आंबट वासाच्या घाणीनें चिकटलेले, डोळे खोबणींत खोल गेलेले, कान गार. मानेची कातडी चिमटींत धरून सोडली तर ती जागच्या जागीं उभी राही. तोंडांत बोट घातलें तर चोखीना, आणि तोंडाच्या आंतही गारवा. घरधनीण म्हणाली, “भाऊ, दूध बाधलं त्याला. तोडून बांधलं, तरी थांबत नाही.” दूध बाधलें असें समजून त्या माउलीनें दोन दिवस त्याला आईपासून दूर बांधलें होतें. पारडाचा नववा दिवस होता.

मीं काय केलें तें सांगतों. पिशवींतून सुई काढली, एक प्रतिजैविक औषध टोंचलें, आणखी दोन दिवस दूध देऊं नका असें बजावलें आणि निघून आलों. दुसऱ्या रात्रीं पारडूं मेलें. माझी सुई चुकीच्या शत्रूवर चालली होती, माझा पथ्याचा सल्ला त्या शत्रूस साह्य करणारा होता, आणि ज्या एका वस्तूनें तें जगलें असतें ती त्या घराच्या चुलीशेजारीं होती. मला पुस्तकांतून हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु हातांत सुई असली म्हणजे पुस्तक आठवत नाहीं, हा आमच्या धंद्यांतील जुना दोष आहे.

पारडूं गेल्यानें त्या घराचें नुकसान केवळ एका जिवाचें झालें नाहीं. म्हैस पारडावांचून पान्हा सोडीना. मेलेल्या पारडाच्या कातड्यांत भुसा भरून तें तिच्यापुढें ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हल्लीं कांहीं लोक त्याऐवजीं पान्ह्यासाठीं रोज सुई टोंचतात, आणि तो मार्ग अयोग्यच आहे. पारडूं मादी होतें. चारेक वर्षांनीं तीच घरची दुसरी म्हैस झाली असती. तेव्हां वासराची हगवण ही गोठ्यांतली किरकोळ गोष्ट आहे असें शहरांतील माणसानेंही समजूं नये. आपल्या चहांतलें दूध याच कोपऱ्यांतून येतें.

आतां हा शत्रु कोण, तें पाहूं. वासराच्या हगवणीचा विचार बोटांवर दिवस मोजण्यापासून सुरू होतो. कोणत्याही गोठ्यांत शिरल्यावर माझा पहिला प्रश्न असतो: आज कितवा दिवस?

पहिल्या तीन-चार दिवसांतच पाण्यासारखी हगवण लागली असेल तर संशय कोलाय नांवाच्या जंतूवर जातो. एशेरिख नांवाच्या जर्मन बालरोगतज्ज्ञानें १८८५ सालीं तो अर्भकांच्या विष्ठेंतून शोधून काढला. हा जंतु तुमच्याआमच्या आंतड्यांतही सुखानें नांदतो. परंतु त्याच्या कांहीं जाती वासराच्या कोंवळ्या आंतड्याच्या अस्तराला बारीक केसांनीं चिकटून बसतात आणि तेथें एक विष सोडतात. तें विष आंतड्याला मोडीत नाहीं, जखमही करीत नाहीं. तें फक्त एक तोटी उघडून ठेवतें; शरीरांतील पाणी आणि क्षार त्या तोटींतून आंतड्यांत वाहत राहतात. वासरूं पांच-सहा दिवसांचें झालें कीं त्या जंतूला चिकटण्याची जागाच उरत नाहीं. म्हणूनच हा आजार अगदीं नवजात वासराचा.

पांचव्यापासून चौदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंतचा काळ सर्वांत घातक, आणि माझें भडगांवचें पारडूं याच काळांतलें होतें. येथें जंतु नव्हे, तर त्याहून सूक्ष्म असे विषाणु पुढें येतात. त्यांतील प्रमुख रोटा. त्याची कथा आपणांस मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण ती गोठ्यांत सुरू होऊन आपल्या पाळण्यापर्यंत येते.

१९६९ सालीं अमेरिकेंतील नेब्रास्का विद्यापीठांत मीबस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हगवणीनें आजारी वासरांच्या शेणांतून एक विषाणु वेगळा काढला आणि तो निरोगी वासरांना देऊन तीच हगवण उत्पन्न करून दाखविली. चार वर्षांनीं, १९७३ सालीं, ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें रूथ बिशप या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुलाबानें आजारी मुलांच्या आंतड्याचे तुकडे विद्युत्सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तों त्यांत अगदीं तशाच चाकासारख्या आकाराचे कण दिसले. लॅटिन भाषेंत चाकाला रोटा म्हणतात. त्यावरून हें नांव. जगांतील लहान मुलांच्या जीवघेण्या जुलाबांचें एक सर्वांत मोठें कारण अशा रीतीनें उजेडांत आलें, आणि त्याचा चुलतभाऊ आधीं वासराच्या शेणांत सांपडलेला होता.

कथा येथें संपत नाहीं. हल्लीं आपल्या बाळांना दीड महिन्यापासून तोंडावाटे जी रोटाची लस देतात, तिच्यांत वासराचाही हात आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या लसींत मूळ चौकट वासराच्या विषाणूची असून तिच्यावर माणसाच्या विषाणूचें बाह्य आवरण चढविलेलें आहे. वासराचा विषाणु माणसाच्या बाळास आजारी पाडण्यांत दुबळा. म्हणून तोच त्याला शिकवण देण्यास उपयोगी. दुसरी लस दिल्लीच्या एका नवजात बालकांत सांपडलेल्या विषाणूपासून झाली; त्या विषाणूंतही निसर्गानें आपणहूनच जनावराच्या विषाणूचा एक अंश मिसळलेला होता. २०१६ पासून या लसी राष्ट्रीय लसीकरणांत टप्प्याटप्प्यानें आल्या. आपल्या घरांतील एखाद्या बाळानें ती गोड थेंबांची मात्रा घेतली असेल, तर त्याचें एक लहानसें ऋण कोठल्या तरी परदेशी वासराकडे आहे.

हा विषाणु करतो काय? आपल्या आंतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीसारखीं सूक्ष्म बोटें असतात. दूध पचविणारीं आणि पाणी शोषणारीं तीच. रोटा त्या बोटांचीं टोकें कुरतडून टाकतो. मग दुधांतील साखर न पचतां पुढें जाते, आंबते, आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. शेण पिवळें-पांढरें व आंबट होतें तें यामुळें. “दूध बाधलें” हें घरधनिणीचें निरीक्षण या अर्थानें खोटें नव्हतें. दोष दुधाचा नव्हता इतकेंच. कोरोना या कुळांतील वासरांचा एक निराळा विषाणुही हेंच काम करतो, किंचित् अधिक क्रूरपणें. या विषाणूंवर प्रतिजैविक औषधांचा कांडीचाही उपयोग होत नाहीं.

याच दिवसांत क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा एक सूक्ष्म परोपजीवी येतो. नांव लांबलचक, शरीर अगदीं सूक्ष्म. टायझर नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०७ सालीं तो उंदरांत पाहिला. वासरांत आणि माणसांत तो रोग करतो हें १९७० नंतर कळलें. याचीं अंडींसारखीं बीजें क्लोरिनच्या पाण्यांतही मरत नाहींत. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरांत शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यांतून चार लाखांवर माणसें यानें आजारी पडलीं. त्याला मारतें तें कोरडेपण आणि उष्णता. खानदेशच्या उन्हाची आपण सारेच निंदा करतों. परंतु ओला गोठा उघडा करून त्या उन्हांत खडखडीत वाळवणें याहून स्वस्त औषध मला ठाऊक नाहीं.

साल्मोनेला जंतूचें नांव मात्र एका पशुवैद्याच्या आडनांवावरून पडलें आहे, हें मी थोड्या अभिमानानें सांगतों. तो शिरला तर शेणांत रक्त व आंव, अंगांत ताप, आणि केवळ वासरालाच नव्हे तर त्याला हाताळणाऱ्या माणसालाही धोका. तिसऱ्या आठवड्यानंतर रक्ताची हगवण दिसली तर कॉक्सिडिया या परोपजीवीचा विचार करावा लागतो. म्हशीच्या पारडांत तर आणखी एक प्रकार आहे: आईच्या शरीरांत दडून बसलेल्या लांब जंतांच्या अळ्या दुधावाटेच पारडाच्या पोटांत उतरतात. दोन-तीन आठवड्यांचें पारडूं, पोट घागरीसारखें, केंस राठ, शेण मातकट व दुर्गंधी. असें दिसलें कीं जंत समजावेत. यावर उपाय सोपा आहे: दहाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्यानें जंताचें औषध. बहुतेक गोठ्यांत यांतले दोन-तीन चोर एकदमच शिरलेले असतात. त्यामुळें शेण पाहून अमुकच जंतु असें छातीठोकपणें सांगणाऱ्या माणसाबद्दल मला संशय येतो, मग तो माझ्या धंद्यांतला असला तरी.

येथवर ऐकून आपणांस वाटेल कीं इतक्या शत्रूंपुढें त्या दुर्बळ जिवानें करावें तरी काय? परंतु यांत एक मोठी सोय आहे. आरंभींच्या या हगवणींत शत्रु कोणीही असला, तरी बहुधा मरण एकाच वाटेनें येतें. आणि ती वाट म्हणजे पाण्याची. नवजात वासराच्या वजनाचा पाऊण हिस्सा जवळजवळ पाणीच असतो. जोराची हगवण लागली म्हणजे एका दिवसांत त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा वाहून जाऊं शकतो. पाण्याबरोबर क्षार जातात, रक्त आंबट होतें, अंग गार पडतें, आणि चोखण्याची इच्छाच नाहींशी होते. भडगांवच्या पारडाच्या तोंडांतील गारवा मला हेंच सांगत होता. मीं तें ऐकलें नाहीं.

ही वाट अडविण्याची युक्ति आपल्या देशाच्याच मातींत कसोटीला लागली. १९७१ सालीं बांगला देशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले. बनगांवच्या छावणींत पटकीनें माणसें पटापट मरत होतीं आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें होतें. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं एका लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असें मिश्रण पिंपांतून ठेवलें, आणि रोग्यांच्या नातलगांनाच तें पाजावयास सांगितलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें तें शेंकडा चाराच्याही खालीं उतरलें. यामागील तत्त्व असें कीं आंतड्याची पाणी शोषण्याची एक वाट विषानें बंद पाडली, तरी दुसरी एक वाट शाबूत असते; तेथें ग्लुकोज आणि मीठ हातांत हात घालून आंत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातें. वासराच्या आंतड्यांतही हीच वाट आहे.

परंतु येथें शहरांतील सुशिक्षित माणसाची, आणि गांवांतील शहाण्याचीही, एक चूक होते. मुलांसाठीं आपण साखर-मिठाचें पाणी करतों, तेंच वासराला पाजावें असें मनांत येतें. वासराच्या आंतड्यांत आपली स्वयंपाकघरांतील साखर फोडणारा पाचकरसच नसतो. तिच्यानें त्याची हगवण वाढते. गुळाचेंही तसेंच. त्याला ग्लुकोजच हवें. औषधांच्या दुकानांत मिळणारी, ग्लुकोज असलेली माणसांची क्षारसंजीवनीची पुडी अडचणीच्या रात्रीं चालते. वासरांसाठीं तयार केलेलें मिश्रण मिळालें तर अधिक चांगलें, कारण त्यांत रक्तांतील आंबटपणा मारणारा क्षार असतो. हें पाणी कोमट करून, दिवसांतून तीन-चार वेळां, प्रत्येक वेळीं लिटर-दीड लिटर, वासरूं उभें असतांना किंवा छातीवर बसलेलें असतांना पाजावें. आडवें पडलेल्या वासराच्या घशांत नळ्यानें ओतलें तर तें फुप्फुसांत जातें. आणि जें वासरूं बोट चोखीत नाहीं, ज्याचें तोंड गार आहे, त्याला तोंडानें पाजण्याची वेळ टळलेली असते. तेथें शिरेंतून सलाइन देणारा डॉक्टरच पाहिजे, आणि तोही त्याच तासाला.

दूध तोडावें काय? तोडूं नये. आमच्या पिढीला शिकविणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा सल्ला उलट होता, आणि मीं भडगांवास तोच दिला. आंतड्याचीं कुरतडलेलीं बोटें पुन्हा वाढण्यास अन्न लागतें. दोन-तीन दिवस उपाशी ठेवलेलें वासरूं हगवणीनें नाहीं तर उपासानें मरतें. थोडें थोडें दूध, अधिक वेळां, आणि क्षाराचें पाणी त्याहून निराळ्या वेळीं, दोघांच्या मध्यें दोन-तीन तास सोडून: एवढेंच पथ्य. साध्या हगवणींत, ताप नसतांना व शेणांत रक्त नसतांना, प्रतिजैविकें देऊं नयेत. तीं विषाणूंना मारीत नाहींत. जे जंतु मारतात त्यांनाही हळूहळू निर्ढावतात, आणि निर्ढावलेले जंतु गोठ्यापुरते राहत नाहींत.

आतां त्या चुलीशेजारच्या वस्तूकडे येतों.

माणसाचें मूल आईच्या पोटांत असतांनाच वारेवाटे तिच्या रक्तांतील प्रतिपिंडें, म्हणजे रोगाशीं लढणारीं द्रव्यें, घेऊन जन्माला येतें. गाय-म्हशीची वार अशी आहे कीं तिच्यांतून हीं द्रव्यें पलीकडे जातच नाहींत. वासरूं जन्मतें तें या बाबतींत पूर्णपणें निःशस्त्र. त्याचीं सर्व शस्त्रें आईच्या पहिल्या दुधांत, म्हणजे चिकांत, सांठविलेलीं असतात. आणि निसर्गाची आणखी एक योजना अशी कीं वासराचें आंतडें जन्मानंतर कांहीं तासच हीं मोठीं द्रव्यें सबंधच्या सबंध रक्तांत जाऊं देतें. सहा तासांनंतर तें दार लोटलें जाऊं लागतें आणि चोवीस तासांनीं बंद होतें. १९२२ सालीं प्रिन्स्टन येथें थिओबाल्ड स्मिथ आणि लिटल या दोघांनीं कांहीं वासरांना चीक दिला, कांहींना दिला नाहीं. न मिळालेल्यांपैकीं बहुतेक थोड्याच दिवसांत कोलाय जंतूनें मेलीं, मिळालेलीं जगलीं. सांगण्याचा मुद्दा त्यांनीं शंभर वर्षांपूर्वींच सिद्ध केला आहे.

भडगांवच्या घरीं काय झालें होतें? म्हैस रात्रीं व्याली. वार पडल्याशिवाय पारडाला पाजूं नये, अशी समजूत त्या घरीं होती. ती खानदेशांतच आहे असें नाहीं, घाटावर आणि विदर्भांतही मीं ती ऐकली आहे. वार पडली दुसऱ्या दिवशीं दुपारीं. तोंवर पारडूं उपाशी, आणि त्याच्या आंतड्याचें दार जवळजवळ मिटलेलें. वस्तुतः पारडूं चोखूं लागलें म्हणजे वार पडण्यास मदतच होते. मग पहिला दाट चीक काढला गेला. पारडाला “जड पडेल” म्हणून त्याला नांवाला थोडा ठेवला. उरलेला गूळ-वेलदोडा घालून शिजविला. त्यांतला एक डबा शेजारीं गेला आणि दुसरा पुण्यास असलेल्या लेकीकडे बसनें रवाना झाला. मी पारडूं पाहून हात धुण्यास आंत गेलों, तेव्हां त्या माउलीनें राहिलेल्या खरवसाची एक वडी बशींत घालून माझ्यापुढें ठेवली. मीं ती खाल्ली. चांगली झाली होती.

यांत त्या बाईचा दोष काढण्याचें मला कांहींच कारण दिसत नाहीं. खरवस ही प्रेमानें वांटण्याची वस्तु आहे, आणि मागणी तिच्या बाजूनें नव्हे, आपल्या बाजूनें येते. शहरांत आपण गवळ्याला आधींपासून सांगून ठेवतों, “म्हैस व्याली कीं पहिला चीक आमचा बरें कां.” पहिल्या चिकाचाच खरवस घट्ट बसतो, हें खरें. परंतु दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही खरवस होतो. दूध थोडें कमी मिसळावें लागतें, इतकेंच. तीस किलो वजनाच्या पारडाला पहिल्या बारा तासांत तीन लिटर चीक पुरतो, आणि त्यांतला निम्मा पहिल्या दोन तासांत पोटांत गेला पाहिजे. चांगल्या दुभत्या म्हशीला पहिल्या दिवशीं बहुधा याहून अधिक चीक असतो. म्हणजे आधीं पारडूं पोटभर पिऊन उठलें, आणि मग उरलेला चीक घराकडे आला, तर कोणाचेंच कांहीं हुकत नाहीं. पुढल्या वेळीं गवळ्याशीं बोलतांना “पहिला” हा शब्द वगळून पाहा. आणि वासरूं प्यालें कां, हें विचारा. गिऱ्हाइकानें विचारलें कीं गोठ्यांत त्या गोष्टीला किंमत येते, हा माझा अनुभव आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. विण्याची जागा कोरडी असावी. जन्मलेल्या वासराची नाळ आयोडिनमध्यें बुडवावी, कारण जंतूंना ती एक उघडी खिडकी आहे. पाजण्याचें भांडें रोज गरम पाण्यानें धुवावें. आजारी वासराला निराळें बांधावें, आणि निरोग्यांचें काम आधीं उरकून मग त्याच्याकडे जावें. उलट केलें तर रोग आपणच हातांनीं वाहून नेतों. सुट्टींत शहरांतील मुलें मामाच्या गांवीं जातात आणि वासराच्या गळ्यांत पडतात. त्यांना खुशाल पडूं द्या. मात्र ज्या वासराचें शेण पातळ आहे त्याच्यापासून दूर ठेवा, आणि गोठ्यांतून आल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय तोंडांत घांस जाऊं देऊं नका. क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला या दोघांनाही वासरूं आणि मूल यांतला भेद कळत नाहीं.

पुढल्या वर्षीं तीच म्हैस पुन्हा व्याली. या खेपेस मला विण्याच्या आधींच निरोप आला. रात्रीं अकराच्या सुमारास पारडूं जन्मलें. वार पडली नव्हती. घरांतील आजीबाई दारांत उभ्या राहून मान हलवीत होत्या. मीं त्यांना म्हटलें, “आजी, मागल्या वेळीं तुमचं ऐकलं, या वेळीं माझं ऐकून बघा.” त्या कांहीं बोलल्या नाहींत, परंतु कंदील त्यांनींच धरला. तासाभरांत पारडूं उभें राहिलें, धडपडलें, आणि सडाला लागलें. पहांटेपर्यंत तें तीनदां प्यालें. वार सकाळीं पडली.

आठव्या दिवशीं त्यालाही हगवण लागली. हें मी लपवीत नाहीं. चीक पाजला म्हणजे गोठ्यांतून रोग पळून जातो असें कोणी समजूं नये. परंतु या पारडाचे कान गरम होते, बोट तोंडांत घालतांच त्यानें तें ओढून चोखलें. दूध तोडलें नाहीं. ग्लुकोज आणि क्षारांचें पाणी चार दिवस दिलें. सुई पिशवींतून निघालीच नाहीं. पांचव्या दिवशीं शेण बांधलें गेलें. ती पारडी आतां त्या घरची दुभती म्हैस आहे, आणि तिच्या पहिल्या वेताच्या वेळीं मला कोणी बोलावलें नाहीं. चार दिवसांनीं एक डबा मात्र आला. बरोबर चिठ्ठी होती: “दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा आहे. थोडा सैल झाला आहे.”